गार बाटलीनंतर

भिंगरीने कोलाची रिकामी बाटली आजीच्या शिलाई मशीनवर ठेवली आणि छातीवर हात दाबून म्हणाली, की आत कुणीतरी उड्या मारतंय.

काज-बटणं करत बसलेली सूनबाई हातातला शर्ट सुईसकट टाकून उठली. एरवी लेकीला शिंक आली तरी तिचा जीव टांगणीला लागायचा. सासूबाई तिला काळजीवाहू सरकार म्हणायच्या. आज मात्र सासूबाईंच्याच तोंडचं पाणी पळालं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेऊ, म्हणून त्या चपला शोधू लागल्या.

सूनबाईने लेकीला भिंतीला टेकवून बसवलं. मनगट धरलं. श्वास नीट होता. छातीत दुखतंय का, गरगरतंय का, असं विचारलं. भिंगरीने दोन्हींना नाही म्हटलं आणि फ्रिजमधली दुसरी बाटली कुणासाठी आहे, याची चौकशी केली. सूनबाईला हसू आलं. उन्हातून धावत आलेली पोर, एका दमात बर्फासारखा कोला घशाखाली. वर त्यातलं कॅफीन. धडधडणारच. तिने सासूबाईंना समजावलं, की शांत बसली की उतरेल. उतरलं नाही, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर मात्र थांबायचं नाही.

बोटांखालची नाडी हळूहळू मंदावली. भिंगरी पायाने सतरंजीचा कोपरा दुमडू लागली.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मशीनवर बसत त्या म्हणाल्या, "एवढंच होय! मग माझंही तेच असणार. गार पाणी पोटात गेलं की सुटतं धडधडायला. डोळ्यांपुढे काळोख येतो. मशीनवर डोकं टेकते, मग कधीतरी जाग येते. तुम्ही उगाच चष्म्याचा नंबर बदलून आणलात."

त्यांची शिलाई वाकडी जायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून डोळ्यांनाच दोष दिला होता. सूनबाईनेही.

एरवी शंभर प्रश्न विचारणारी सूनबाई आता एकही विचारत बसली नाही. तिने भिंगरीला शेजारच्या काकूंकडे सोडलं, नवऱ्याला फोन करून थेट हॉस्पिटलात यायला सांगितलं आणि दारात गाडी बोलावली. सासूबाई बघतच राहिल्या.

"अगं, भिंगरीची धडधड थांबली ना? मग आता कशाला हॉस्पिटल?"

सूनबाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिची थांबली, आई. आपण तुमच्यासाठी निघालोय."