डाव्या बाजूला दोन चापट्या

"माझ्याकडे पहिल्या झटक्यात चालू झाला," काउंटरवर तो जुना डबा ठेवत कॉम्प्युटरवाला म्हणाला. "चार वेळा बंद केला, चार वेळा लावला. काही तक्रार नाही त्याची."

"मग इथे आला की अंगात येतं का त्याच्या?" ड्राय क्लीनिंगचे मालक म्हणाले.

कॉम्प्युटरवाल्याने वायरी जोडल्या. काउंटर सांभाळणाऱ्या ताई शेजारी आपल्या खुर्चीत बसून पावत्यांचे गठ्ठे लावत होत्या. त्याने काउंटरवरच्या प्लगला टेस्टर लावला, दिवा लागला. म्हणजे वीज ठणठणीत होती. ताईंनी चप्पल घालून खुर्ची जरा बाजूला घेतली. मग त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. ढिम्म. मालकांनी दाबलं. तरी ढिम्म.

"बघा बुवा ताई, तुम्हीच."

ताईंनी खुर्ची पुढे ओढून आधी चप्पल काढली. यंत्राला मान द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि मालकांना ते पटायचं. मग मान राहिला बाजूला आणि त्यांनी डब्याच्या डाव्या अंगाला दोन चापट्या लगावल्या, "ऊठ रे बाबा" म्हणाल्या आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला.

कॉम्प्युटरवाल्याने डोकं खाजवलं. "कुठेतरी काहीतरी सैल असणार," तो म्हणाला. सैल काय ते त्यालाही माहीत नव्हतं. "नवीन डिस्क टाकू, मेमरी वाढवू. अजून पाच वर्षं मरण नाही याला."

"तसंच करा," ताई लगेच म्हणाल्या.

"पण चालू कोण करणार?" हा मालकांचा मेव्हणा. गेले आठ महिने तो दुकानात 'लक्ष घालत' होता, म्हणजे चहा पीत होता. "ताई नसल्या की दुकान वाऱ्यावर. मागच्या वेळचं विसरलात का भाऊजी?"

मालक विसरले नव्हते. ताई तापाने तीन दिवस आल्या नव्हत्या. कुणाचा कोट कुठल्या खुंटीवर, हे सगळं त्या डब्याच्या पोटात. एक नवरदेव सुटासाठी खिडकीशी ठाण मांडून बसला होता. शेवटी मालकांनी फणफणलेल्या ताईंना शालीत गुंडाळून गाडीतून आणलं, दोन चापट्या मारून घेतल्या आणि परत नेऊन निजवलं.

"नवीन घ्या," मेव्हणा म्हणाला. "कुणीही बोट लावलं की चालू. काउंटरवर मी बसेन."

मालकांनी दोन दिवस विचार केला, म्हणजे बायकोने केला. तिसऱ्या दिवशी ते ताईंसमोर येऊन उभे राहिले आणि कॅलेंडरकडे बघत बोलले.

"नवीनच घेतोय, ताई. आणि तुम्ही पण आता आराम करा. वीस वर्षं झाली. गुडघे किती दुखतात तुमचे, पायाखाली फळी ठोकून घ्यावी लागली इथे. एक तारखेपासून मेव्हणा बसेल."

"बरं," ताई म्हणाल्या.

बरं कसलं. घरी जाऊबाई होत्या. त्या दर तासाला येऊन 'आता कसं वाटतंय' विचारायच्या, आणि काही होत नसलेल्या माणसालाही काहीतरी व्हायला लागायचं. घरी बसलो की सहा महिन्यांत आपण खरोखर म्हाताऱ्या होणार, अशी ताईंना धास्ती होती. ही खुर्ची सुटू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण भांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

महिनाअखेरीस नवीन कॉम्प्युटर आला. काळा, चपटा, पुस्तकाएवढा डबा, पडदा वेगळा. कॉम्प्युटरवाल्याने तो इस्त्रीच्या टेबलाजवळ लावून दाखवला. मेव्हण्याने एक बोट टेकवलं आणि तो निमूट चालू झाला. मेव्हण्याने सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू त्यानेच तो बनवला होता.

मग तो काउंटरवर आणला. गिऱ्हाइकांची खिडकी तिथे, काउंटर भिंतीत पक्का बांधलेला, दुसरी जागाच नव्हती. ताई शेवटचे गठ्ठे आवरत होत्या. कॉम्प्युटरवाल्याने टेस्टर लावला, दिवा लागला. ताईंनी फळीवरचे पाय काढून चप्पल घातली, उठल्या, मेव्हण्याला खुर्ची दिली.

मेव्हण्याने बोट टेकवलं. ढिम्म.

त्याने दुसरं बोट लावून पाहिलं. मग मालकांनी. मग कॉम्प्युटरवाल्याने, कपाळावरचा घाम पुसत. तोपर्यंत खिडकीशी पाच जण जमले होते आणि एक बाई पडद्यांसाठी आवाज चढवत होती. मेव्हण्याने चोरून डाव्या बाजूला दोन चापट्याही मारून बघितल्या. त्याचा हातच तेवढा दुखावला.

"ताई," मालक पडेल आवाजात म्हणाले, "जरा बघता?"

"मी काय बघणार? नवीन आहे तो. माझी ओळखही नाही."

"बघा हो. तुमच्या हाताला गुण आहे."

मेव्हणा उठला. ताई बसल्या, सावकाश चप्पल काढली, दोन हलक्या चापट्या मारल्या. "ऊठ रे बाबा." पडदा उजळला.

"याला कसं कळलं?" कॉम्प्युटरवाला पुटपुटला.

"शेवटी त्याच घराण्यातला ना," ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मेव्हण्याची बदली कपडे पोचवायच्या गाडीवर झाली. मालकांनी ताईंसाठी नवी, पाठीला आधार असलेली खुर्ची मागवली आणि निवृत्तीचं नाव पुन्हा काढायचं नाही असा स्वतःच्या कानाला खडा लावला.

सगळे गेल्यावर ताईंनी कॉम्प्युटर नीट बंद केला, वर फडकं टाकलं, पाय टेकायच्या फळीमागे पायाचा अंगठा घालून काउंटरच्या प्लगचं तिथलं बटण बंद केलं आणि चप्पल घातली.