हळू भरणारी गाडी

जावईबापूंनी घराएवढी गाडी घेतली. विजेवर चालते, वीज संपली की पेट्रोलवर. पण पेट्रोलचा थेंब जाळायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. पूर्वी रविवारी लेकीला घेऊन यायचे ते चहा निवायच्या आत निघायचे. आता आल्याआल्या आमच्या अंगणातल्या प्लगला गाडी लावतात आणि बॅटरी भरल्याशिवाय हलत नाहीत.

"बाबा, आमच्याकडे तीन तासांत भरते हो. इथे दिवस मावळतो!"

"जुनं वायरिंग, जावईबापू. पडा जरा."

आत मायलेकींच्या गप्पांना ऊत आलेला असतो.


चाळीस वर्षं वायरमन होतो मी. वायरिंग नवंकोरं आहे. त्या प्लगचं बटण तेवढं माझ्या आरामखुर्चीमागे आहे.