ड्रायव्हरच्या बाजूचा टायर

"हाही गेला," ती म्हणाली आणि तिने टायरवरून हात फिरवला. बाहेरच्या कडेची नक्षी शाबूत होती. आतली कड टकलासारखी गुळगुळीत झाली होती.

तिचा आतेभाऊ बाजूला ओशाळून उभा होता. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून सगळे त्याला काडी म्हणत. सहा महिन्यांपूर्वी या काडीने आपल्या गाडीला आखूड स्प्रिंगा घालून ती पार जमिनीलगत बसवली होती. का, असं विचारलं की म्हणायचा, "चढा-उतरायला बरं पडतं." एवढ्या ताडमाड पोराच्या तोंडून हे ऐकून गॅरेजमध्ये हशा पिकायचा.

"गाडी वर घेऊ," ती म्हणाली. "मूळच्या स्प्रिंगा घालते. दुखणंच जाईल."

"तेवढं सोडून काहीही सांग, ताई."

"मग टायर बदलत बस जन्मभर."

खरं तर तिलाच ते पटत नव्हतं. गाडी खाली बसवली की पुढची चाकं वरून आत झुकतात आणि आतली कड घासते, हे कुणीही सांगेल. ते तिने केव्हाच निस्तरलं होतं. दोन्ही चाकं कल मोजायच्या मशीनवर बिनचूक लावून दिली होती. पलीकडचा टायर गुणाने वागत होता. ड्रायव्हरच्या बाजूचा तेवढा पुन्हा पुन्हा झिजत होता. एका आईची दोन लेकरं, पण एक हट्टीच निघावं, तसं चाललं होतं.

आणि उद्या गॅरेज घेणारा माणूस यायचा होता.

तिला गॅरेज विकायचं नव्हतं. पण हे काम एकट्याचं नाही. एकाने गाडी चालवून बघायची, दुसऱ्याने चाकं लावायची. चालवून बघायचे ते अण्णा, तिचे वडील, आणि ते गल्लीकडेही दार असलेल्या मागच्या खोलीत पलंगावर होते. वर्षापूर्वी जिन्यावरून पडले, खुबा मोडला. हाड जुळलं, पण एक पाय आखूड झाला. डॉक्टरांनी त्या पायासाठी दोन बोटं जाड तळव्याचा बूट करवून दिला आणि चालायला लागा म्हणाले. अण्णांनी बुटांचा खोका पलंगाखाली ढकलून दिला. ती रोज केर काढताना तो सरकवायची आणि परत ठेवायची. अण्णा बसून बसून अंगाने सुटले होते. दुपारी आतून कडी लावून झोपायचे, ते थेट संध्याकाळी दार उघडायचे. मध्ये हाक मारलेली खपायची नाही.

"तुम्ही उठला नाहीत तर मी हे विकणार," गेल्या महिन्यात तिने निक्षून सांगितलं होतं.

"वीक," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं होतं.

आज सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं होतं, "काडीच्या टायरचं काय झालं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. सहज."

विकायचंच तर हरून नाही विकायचं, असं तिने ठरवलं. गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, मशीन लावलं. भिंतीवरच्या पडद्यावरचे आकडे नेहमीसारखे साळसूद. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काडी, आत बस."

"मी?"

"आपण मापं घेतो ती रिकाम्या गाडीची. रिकामी गाडी रस्त्यावर कधी जाते?"

काडी बसला. आकडा जरासा हलला आणि थांबला. एवढ्याने टायर झिजणं शक्य नव्हतं. तिने त्याला उतरवलं, कोपऱ्यातल्या जुन्या बॅटऱ्या उचलल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर एकावर एक रचल्या. गाडी त्या बाजूला दबली, चाक आत झुकलं, आकडा लाल झाला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ती मनात म्हणाली. मग तिने काडीकडे रोखून पाहिलं.

"ही गाडी तू चालवत नाहीस."

काडीचे कान लाल झाले.

"नव्वद किलोच्या आसपासचं कुणीतरी चालवतं. चाकांना मैदानातली माती आहे, म्हणजे शिकणं चाललंय. आत्याला माहीत आहे का?"

"आईला माहीत आहे. तुलाच तेवढं सांगितलं नव्हतं."

"छान. आता बोलावून आण. माणूस सीटवर बसल्याशिवाय चाक नीट लागायचं नाही."

काडी घुटमळला. "आणतो. पण तू खड्ड्यातून वर यायचं नाहीस. स्वभाव जरा ताठ आहे."

"नाही येत बाई," ती हसून म्हणाली आणि पडद्याकडे तोंड करून खड्ड्यात उतरली. वर काडीने सीटवरच्या बॅटऱ्या काढल्या आणि तो मागच्या दाराने गेला.

बऱ्याच वेळाने वर पावलं वाजली, सावकाश. दार उघडलं, सीट करकरली, गाडी दबली. आकडा बॅटऱ्यांनी दाखवला होता तिथेच जाऊन थांबला. तिला वर्षभरात इतका आनंद झाला नव्हता. तिने पाना लावला, नट सैल केला आणि दांडा फिरवत फिरवत आकडा जिथे हवा तिथे आणला. नट आवळला. आता उद्या कुणीही येऊ दे, तिच्या हाताला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

"झालं," तिने खालून सांगितलं. "तुमचं वजन गाडीला मान्य आहे. उतरा, वहिनी."

दार उघडल्याचा आवाज झाला म्हणून ती वळली. बसक्या गाडीखाली वीतभर फट होती, आणि त्या फटीतून फक्त जमीन दिसत होती. आधी एक पाऊल जमिनीवर टेकलं. मग दुसरं.

दुसऱ्या बुटाचा तळवा दोन बोटं जाड होता, आणि टाचेकडून चांगलाच झिजला होता.