नवा सायलेन्सर

आमची जुनी जीप सुरू झाली की आईचं डोकं उठायचं. "तिला गप्प कर, नाहीतर मलाच कुठेतरी नेऊन सोड," म्हणायची. बाबांचंही तेच. "जीप तुला दिलीय ना? मग तूच निस्तर."

जीप आपली झाली, एवढ्यावरच मी हवेत होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत शिकलो. सुट्टी मिळेल तेव्हा मित्राच्या गॅरेजमध्ये तिच्याखाली आडवा. गंजलेला पाइप कापला, गॅस्केट बदललं, नवा सायलेन्सर बसवून वेल्डिंग केलं. हाताला चटके, डोळ्यात गंज. आज चावी फिरवली तर जीप अशी चालली, जणू शेजारी कुणी शिलाई मशीन चालवतंय.

आईला दाखवायला तसाच काळ्या हातांनी घरी आलो. जीप अगदी दाराशी लावली, तरी कुणी बाहेर आलं नाही. खिडकीतून बाबांचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो हो, तुमची अट आहे लक्षात. आवाज बंद झाला की जीप घेऊन जा. पोरगं खपतंय ना त्यासाठी. छे, त्याला कशाला सांगू? विकतोय म्हटलं तर हात तरी लावेल का तो?"

मग फोनवर हात ठेवून ते आईला म्हणाले, "अगं, बघ जरा, आला की काय तो?"

 

आई म्हणाली, "बोला हो निवांत. आला असता तर ऐकू आलं नसतं का?"