सातचा तास

“ही सही तुमचीच ना, मॅडम?”

विद्यापीठाच्या वकिलांनी हजेरीचं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सकाळी सात ते आठ, खोली क्रमांक बारा. सही तिचीच होती, नाही म्हणायला जागाच नव्हती. “हो,” ती म्हणाली.

“झालं तर मग!” वकील चौकशी समितीकडे वळले. “त्या दिवशी सातचा तास मॅडमनी घेतला. पाहुणे सरांचा पहिला तास अकराला. आठ वाजून पाच मिनिटांनी ते जिन्यात कोसळले, तेव्हा ते कामावर नव्हतेच. तासावरचा शिक्षक सही केलेल्या तासापुरताच आमचा. आता दोन विद्यार्थी म्हणतात, सरांनी शिकवलं. पोरांचं काय घेऊन बसलात? कागद काय म्हणतो ते बघा.”

पाहुणे हे सरांचं आडनाव नव्हे. तासावर शिकवणाऱ्यांना विद्यापीठ अतिथी म्हणतं, म्हणून सरांनी स्वतःच ते नाव लावून घेतलं होतं. “अठरा वर्षं झाली, पण या पाहुण्याला अजून कोणी बसा म्हणालं नाही,” असं ते बॅग खिडकीच्या कट्ट्यावर टेकवत हसत सांगायचे. खरंच होतं ते. तासावरच्यांना खुर्ची नव्हती, की आजारपणाची रजा नव्हती. सर कामावर असताना गेले असं समितीने मानलं, तर त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, भरपाई मिळणार होती. आणि मग बाकीच्या बेचाळीस जणांनाही विमा, महिन्याचा पगार मागायला तोंड मिळणार होतं. नाही मानलं, तर सगळं मुसळ केरात.

वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या. गेले तीन महिने त्या तिला एकच गोष्ट विचारत होत्या. “अगं, अकराचा तास, आणि हे पहाटेच का गं निघाले? मी झोपेत होते. तुला काही बोलले होते का?” दर वेळी ती “नाही हो, वहिनी” म्हणायची, आणि त्या रात्री तिला घास उतरायचा नाही.

बोलले होते की! पहाटे साडेपाचला तिनेच फोन केला होता. मुलगी तापाने फणफणलेली, नवरा परगावी. “तू पोरीजवळ बस,” सर म्हणाले, “सातचा मी घेतो. सही तेवढी तू कर.” तासावरच्यांचा हा आपसातला रिवाजच होता. शिकवायचं कोणीही, सही करायची ज्याचा तास त्याने. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. ऑफिसातल्या कारकुनालाही ठाऊक होतं. तोही बिचारा कानाडोळा करायचा.

तेव्हापासून सर तिची पाठ सोडत नव्हते. बारा नंबरच्या खोलीत ती फळ्याकडे वळली, की मागे कोणीतरी कट्ट्यावर बॅग टेकवायचं. वळून बघावं तर कट्टा रिकामा. जिन्याच्या त्या वळणावर ती भिंतीला अंग घासत, कडेकडेने चढायची. आणि सहीला पेन उचललं, की अगदी कानाशी आवाज यायचा, “सही तेवढी तू कर.” डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पण झोपेत सरही आले.

आणि आज आत यायच्या आधी विभागप्रमुखांनी तिला व्हरांड्यात गाठलं होतं. “पूर्णवेळ जागा निघतेय. तुमचं नाव पुढे आहे. विचारतील तेवढंच बोला.” नऊ वर्षं ती याच शब्दांची वाट बघत होती. मेले, यायचे तेव्हा असे आले!

“आपण जाऊ शकता, मॅडम,” वकील म्हणाले.

ती उठली नाही. “तो तास मी घेतला नव्हता,” ती म्हणाली. “सरांनी घेतला. माझ्यासाठी. मी घरी होते, मुलीपाशी.”

विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. वकील ताडकन उठले. “म्हणजे सही खोटी? अहो, नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “थांबा हो वकीलसाहेब, बाईंना घाबरवू नका,” त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. “सही तुम्ही आदल्या दिवशीच करून ठेवली असेल. मग मुलगी आजारी पडली आणि खोडायचं राहून गेलं. होतं असं. असंच झालं ना?”

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. वहिनींना भरपाई, हिला फार तर ताकीद. तिने मागे वळून पाहिलं. वहिनींना आता सगळं कळलं होतं. त्या पदर तोंडाशी धरून रडत होत्या, आणि रडता रडताच तिला मानेने सांगत होत्या, हो म्हण गं, हो म्हण. ते बघून तिला भडभडून आलं. या माउलीच्या तोंडावर आणखी एक खोटं बोलायचं? आता नाही.

“नाही, बाई,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी केली. सरांना पोहोचवून आले, तशीच ऑफिसात गेले आणि केली. एका तासाचे पैसे मला सोडवेनात.”