विरजणाचा दगड

दिगंबर धुरी वाडगा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा शालन मयेकरचा जीव थंड झाला. तिच्या टाकीच्या पंपाची घरघर होते म्हणून सोसायटीत अर्जावर अर्ज करणारा शेजारी तो हाच.

"वहिनी, दगडाचा तुकडा द्या. टाकी लावली, मीठ कालवलं, दिवे बसवले. पण पाणी मेलेलंच आहे."

समुद्र कधीच निर्जीव झाला होता. प्रवाळ उरलं होतं ते घरांतल्या काचेच्या टाक्यांत. नवी टाकी जिवंत व्हायची, तर जुन्या टाकीतला जंतूंनी भरलेला दगड तिच्यात सोडावा लागे. लोक त्याला विरजणच म्हणत, आणि विरजणाला कुणी नाही म्हणत नसे.

शालनही नाही म्हणाली नाही. तिने दगड रात्रभर नळाच्या गोड्या पाण्यात बुडवून मारला आणि सकाळी हसत नेऊन दिला.

धुरीच्या टाकीत विरजण लागेना. "हाताला गुण असावा लागतो," ती जिन्यात म्हणाली. पुढे त्याने रत्नागिरीहून कुणाचा तरी दगड आणला आणि त्याच्या खिडकीत निळा उजेड दिसू लागला.

उन्हाळ्यात शालनचा हीटर अडकला. सकाळपर्यंत टाकीचं कढण झालं होतं, सगळं प्रवाळ पांढरंफटक.

ती वाडगा घेऊन धुरीकडे गेली. त्याच्या मागे टाकीत प्रवाळ डुलत होतं.

"विरजण ना? थांबा." त्याने फळीवरून एक कोरडा दगड काढून वाडग्यात ठेवला. "तुमचाच आहे, वहिनी. जपून ठेवला होता."