तपासणी कुणाची?

"पुन्हा माझंच रक्त?" शलाकानं डॉक्टरांना विचारलं.

तिसऱ्यांदा सातव्या आठवड्यातच तिचा गर्भ पडला होता. गर्भ टिकावा म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं ती रोज स्वतःच पोटात टोचून घ्यायची. पोटावर सगळीकडे काळेनिळे डाग पडले होते.

"या इंजेक्शनांनी जनुकांच्या कामात काही फरक पडतो का, ते तपासतोय," डॉक्टर म्हणाल्या.

"हिच्याच रक्तात दोष असणार," शेजारी बसलेल्या सासूबाई बोलल्या.

शलाकाचा संयम सुटला. "तीन वर्षं मी एकटीच टोचून घेतेय, आई. डॉक्टर, आज श्रीरंगचंही रक्त तपासा."

"मी पहिल्यापासून तेच सांगतेय," डॉक्टर म्हणाल्या.

"मला सुईची भीती वाटते गं," तिचा नवरा श्रीरंग दाराकडे बघत पुटपुटला.

शलाका खुर्चीतून उठली. "बस इथं," म्हणाली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.